मान वळंना झालीया: एका द्राक्षबागेतल्या मानेवर वापरलेली चार-पाच तंत्रं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तासगावकडच्या एका गावातून एक ताई माझ्याकडे सांगलीत विश्रामबागला आल्या, वय ४१, उंची जेमतेम ४ फूट १० इंच, आणि दारातून आत आल्यावर मला बघायला त्यांनी मान वळवलीच नाही, अख्खं अंग वळवलं, म्हणजे तपासायच्या आधीच अर्धी केस समोर उभी. "मॅडम, मान वळंना झालीया बघा. कुशीवर व्हायचं म्हणलं तरी आधी हातानं डोकं उचलून ठिवावं लागतंय." ही केस मी त्यांना विचारूनच लिहितेय, नाव-गाव काढून. लिहायचं कारण असं की मानदुखीला कुठलं हाताचं टेक्निक भारी यावर आमच्या फिजिओ लोकांत कायम जुंपलेली असते, मेटलंडवाले, मुलिगनवाले, एमईटीवाले आणि हल्ली रील बघून तयार झालेले, झटका देऊन मानेचा आवाज काढणारे कडाकवाले, प्रत्येकाचं आपलं तेच खरं. इथं मला योगायोगानं एकाच मानेवर चार-पाच गोष्टी पाठोपाठ करून मोजायला मिळाल्या. एका पेशंटवरनं काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, क्रम बदलला असता तर आकडेही बदलले असते, पण आकडे वहीत आहेत तर मांडते.

ताई द्राक्षबागेत टोळीबरोबर कामाला जातात. ऑक्टोबर छाटणी झाली की फेलफूट म्हणजे नको असलेले फुटवे काढणी, मग घडांचं डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, मग मण्यांची विरळणी असं एकामागं एक लागूनच असतं, आणि हे सगळं मांडवाखाली उभं राहून वर बघत. काम उक्तं, एकरावर, त्यामुळं एकीनं सुट्टी टाकली की बाकीच्या बायकांवर भार येतो आणि त्या तोंडावर काही बोलत नसल्या तरी टेम्पोत बसल्यावर कळतंच. तीन आठवड्यांपासून उजव्या बाजूनं मान, तिथनं खाली फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत दुखणं, आणि संध्याकाळी मानेच्या मुळापासून उजव्या डोळ्यामागं चढत जाणारी डोकेदुखी. मधे दोन रात्री उजव्या हाताला मुंग्या आल्यावर घरचे घाबरले.

माझ्याकडं येईपर्यंत झालेलं असं: मेडिकलमधून गोळ्या, मग एक्स-रे, मग कॉलर (ती त्यांनी दोन दिवस घातली आणि तिसऱ्या दिवशी खुंटीला अडकवली), आणि मग पाहुण्यांनी सांगितलं म्हणून एका हाडवैद्याकडं. त्यानं खाली बसवलं, हनुवटी धरली आणि दिला झटका. कडाक्कन आवाज झाला, दोन तास एकदम हलकं वाटलं, एसटीत बसून घरी येईपर्यंत ताई खूश होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोकंच उचलेना. तरीही माझ्याकडं पहिल्याच दिवशी मागणी काय? "मॅडम, तुमी शिकल्याल्या हाय, तुमी एकदा नीट कडाक करा की, मोकळं हुईल."

या मागणीवर नंतर येते, आधी तपासणी.

एक्स-रेत सी-५ आणि सी-६, म्हणजे मानेचा पाचवा आणि सहावा मणका, यांच्यामधली जागा थोडी कमी, कडेला बारीक टोकं. ताईंच्या भाषेत "मणक्यात ग्याप आलाय", आणि हा ग्याप आता आयुष्यभर वाढतच जाणार असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी त्यांना म्हटलं, तुमच्या टोळीतल्या ज्या बाईला काहीच दुखत नाही ना, तिच्या मानेचा फोटो काढला तरी बहुतेक असलंच काहीतरी निघेल. हे उगाच समजूत घालायला म्हणत नव्हते. २०१५ साली जपानमध्ये काही त्रास नसलेल्या १,२११ लोकांच्या मानेचे एमआरआय काढले होते आणि त्यातल्या ८७.६ टक्के लोकांची मणक्यांमधली चकती फुगलेली निघाली, विशीतल्या पोरापोरींचीसुद्धा बहुतेकांची. ताईंना टक्केवारीत काही रस नव्हता, पण "मग माझ्या जावंचा पण निघंल म्हणा की" यावर त्या जरा सैलावल्या.

मग जे विचारल्याशिवाय मानेला हात लावायचा नाही ते सगळं विचारलं. चक्कर येते का, एकाचे दोन दिसतात का, एकदम पाय जाऊन पडलात का, बोलताना जीभ अडखळते का, गिळायला त्रास होतो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे असं डोकं याआधी कधी दुखलं होतं का, की हे काहीतरी नवीनच आहे. झटका देऊन घेतलेली मान असल्यामुळं हे दुप्पट काळजीनं विचारलं, कारण मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली तर सुरुवातीला फक्त मानदुखी आणि डोकेदुखीच असू शकते आणि पेशंट सरळ चालत आपल्याकडं येतो. बीपी बघितलं, १३४/८४. डोळ्यांच्या हालचाली, चेहरा, चालणं, हातापायाचे रिफ्लेक्स, मज्जारज्जूवर दाब आहे का याच्या खुणा, सगळं ठीक. काळजीचं काही नाही.

मुंग्यांचं काय? नस दबलीय का हे बघायला चार टेस्ट एकत्र बघायची पद्धत आहे, २००३ मधल्या एका अभ्यासातून आलेली: दुखऱ्या बाजूला मान ६० अंशांपेक्षा कमी वळणं, स्पर्लिंग (मान दुखऱ्या बाजूला झुकवून डोक्यावरून दाबायची), मान वर ओढल्यावर आराम पडणं आणि हाताच्या नसेचा ताण. चारीच्या चारी आल्या तर नस दबलेली असायची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. ताईंच्या दोन आल्या, वळणं कमी होतं आणि ओढल्यावर बरं वाटत होतं, पण स्पर्लिंगला दुखणं मानेतच राहिलं, हातात उतरलं नाही, आणि नसेचा ताण दोन्ही हातांना सारखा. ताकद चांगली, म्हणजे विरळणीची कात्री दिवसभर चालवणाऱ्या हाताची असते तशी. मुंग्या हात डोक्याखाली घेऊन झोपल्यामुळं असाव्यात असं मी वहीत लिहिलं, पुढं एक प्रश्नचिन्ह टाकलं, आणि त्या परत कधी आल्या नाहीत.

आकडे असे. उजवीकडं वळणं ४८ अंश, डावीकडं ७०. वर बघणं ३० अंशांवर अडकायचं, तेही तोंड कसंनुसं करून. मान पूर्ण खाली वाकवून मग वळवायची जी टेस्ट आहे, जिच्यात वरचे दोन मणके, सी-१ आणि सी-२, वेगळे कळतात, ती उजवीकडं २८ आणि डावीकडं ४२. चांगल्या मानेत हे ४४ च्या आसपास असतं आणि ३२-३३ च्या खाली गेलं की डोकेदुखीचा उगम तिथं शोधायचा. बोटांनी दाबत गेल्यावर उजव्या बाजूला सी-४-५ आणि सी-५-६ च्या सांध्यावर "हां हां तिथंच!" मान उचलून धरायला सांगितली तर ९ सेकंदांत हनुवटी पुढं यायला लागली. दुखणं १० पैकी ७. अपंगत्वाची जी प्रश्नावली आहे, ५० मार्कांची, त्यात २१. (त्यातला गाडी चालवण्याचा प्रश्न ताईंना विचारणं म्हणजे विनोदच होता, मी त्याऐवजी टेम्पोत मागं बसून मान हलते ते विचारलं. प्रश्नावली तयार करणाऱ्यांनी मला माफ करावं.)

वर बघितलं, उजवीकडं वळलं, उजवीकडं झुकलं की दुखतं, म्हणजे सांधा मिटताना दुखतोय. खाली बघितलं तर काही नाही. आपल्याकडं हल्ली कुणाची मान दुखली की मोबाईल काढून घ्या म्हणतात, इथं उलटं प्रकरण, या बाईला मोबाईल बघताना आरामच पडायचा.

आता कडाकचं. मी ताईंना नाही म्हटलं, आणि का ते सांगितलं. आवाज म्हणजे हाड जागेवर बसणं नव्हे. २०१५ मध्येच कॅनडात बोटं मोडताना लाईव्ह एमआरआय घेतला होता, त्यात सांधा ओढला गेल्यावर आतल्या पाण्यात एक पोकळी तयार होते आणि त्याच क्षणी आवाज येतो असं दिसलं. हाड कुठं गेलेलंच नसतं, त्यामुळं बसायचा प्रश्नच नाही. दुसरं म्हणजे झटका आणि हळूहळू हलवणं यांची तुलना झालेली आहे. ऑस्ट्रेलियात २०१० साली ताजी मानदुखी असलेल्या १८२ लोकांवर झाली, दोन्ही गटांना बरं व्हायला साधारण दीड महिनाच लागला, झटक्यानं लवकर काही झालं नाही. जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ५१ ट्रायल होत्या, तिथंही दोन्ही साधारण एकाच तोलाचे. मग ज्यात क्वचित का होईना मोठा धोका आहे ते, आधीच एकदा झटका खाऊन चिडलेल्या मानेवर, कशाला? झटका वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही, मी स्वतः करते, पण या मानेवर त्या दिवशी नाही. ताईंना हे पटलं असं काही त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. "बरं, तुमी म्हणशीला तसं" म्हणजे काय ते सांगलीत राहणाऱ्याला सांगायला नको.

ठरवलं असं की दर वेळी एकच मुख्य टेक्निक करायचं, आधी आणि लगेच नंतर उजवीकडचं वळणं मोजायचं, आणि पुढच्या वेळी आल्या आल्या हात लावायच्या आधी परत मोजायचं, म्हणजे टेबलावर किती मिळालं आणि त्यातलं घरी किती टिकलं ते दोन्ही कळेल. ही दुसरी मोजणी आमच्यात फार कमी लोक करतात. पेशंट उठला, म्हणाला हलकं वाटतंय, की आपण खूश.

पहिल्या दिवशी मेटलंड. मेटलंड हे ऑस्ट्रेलियातले फिजिओ, त्यांनी हलवण्याचे ग्रेड ठरवले. एक नंबर म्हणजे सुरुवातीलाच अगदी बारीक हालचाल, दोन म्हणजे मोठी हालचाल पण अडथळा लागायच्या आत, तीन म्हणजे मोठी आणि अडथळ्यात शिरणारी, चार म्हणजे अडथळ्यातच बारीक. पालथं झोपवलं, मान थोडी खाली वाकलेली राहील अशी उशी लावली, उजव्या सांध्यावर दोन्ही अंगठे ठेवून ग्रेड दोन, साधारण मिनिटभर, तीन वेळा. बघणाऱ्याला वाटेल नुसते अंगठे ठेवून बसलीय. ४८ चे ५५ झाले, दुखणंही उतरलं. दोन दिवसांनी आल्या तेव्हा ५१. म्हणजे ७ मिळाले, ३ टिकले.

दुसऱ्या वेळी खांद्यावरच्या आणि फऱ्याच्या कोपऱ्यावरच्या गाठी दाबल्या, हळूहळू दाब वाढवत, दुखणं उतरेपर्यंत धरून ठेवायचं, मग पुढची गाठ. हे ताईंना सगळ्यात आवडलं. "हे ब्येस हाय, आईनं तेल लावल्यावाणी." ५१ चे ५६. तीन दिवसांनी आल्या, ५०. म्हणजे मिळालं ते सगळं गेलं आणि वर खिशातला एक गेला. ज्यानं सगळ्यात जास्त बरं वाटलं ते सगळ्यात कमी टिकलं, आणि हे मी याआधीही बघितलंय पण कधी वहीत मांडून बघितलं नव्हतं. याचा अर्थ गाठी दाबू नयेत असा घेऊ नका, त्या रात्री ताई पहिल्यांदा सलग पाच तास झोपल्या होत्या, त्याला अंशात मोजता येत नाही.

तिसऱ्या वेळी एमईटी, म्हणजे स्नायूचीच ताकद वापरायची. मान डावीकडं झुकवून जिथं ताण लागतो तिथं थांबायचं, पेशंटनं खांदा वर उचलायचा प्रयत्न करायचा, आपण हातानं थोपवायचं, ताकद पाव भागापेक्षाही कमी, सात-आठ सेकंद, मग सोडायचं आणि जी ढील मिळते ती घ्यायची, असं पाच वेळा. अडचण एकच, ताईंना "थोडीच ताकद लावा" हे जमेना. बागेत क्रेट उचलणारी बाई, तिनं पहिल्या वेळी असा खांदा उचलला की माझाच हात वर गेला. शेवटी म्हटलं, माशी बसलीय, ती उडवायला खांदा हलवता तेवढंच. ते बरोबर जमलं. ५० चे ५८, पुढच्या वेळी ५४.

चौथ्या वेळी मुलिगन, न्यूझीलंडचे फिजिओ, त्यांचं टेक्निक. यात पेशंट बसलेला असतो, आपण मणक्याला अंगठ्यानं डोळ्याच्या दिशेनं वर सरकवून धरायचं आणि तशा धरलेल्या अवस्थेत पेशंटनं स्वतः मान वळवायची. नियम एकच आणि तो कडक आहे, दुखता कामा नये, दुखलं तर जागा चुकली, दिशा चुकली किंवा हे टेक्निक या पेशंटसाठी नाही. मी सी-५ वर धरलं, वळा म्हटलं, ताईंनी "आई गं" केलं. परत दिशा बदलली, परत आई गं. इथं मी जरा हट्टानं तिथंच खेळत बसले, एक्स-रेत सी-५-६ दिसत होतं ना, ते डोक्यात बसलं होतं, म्हणजे ताईंना ग्याप विसरा सांगणारी मीच ग्यापच्या मागं लागले होते. चौथ्या प्रयत्नाला एक मणका वर सरकले, सी-४ वर, उजव्या बाजूनं, आणि ताई वळत गेल्या, वळत गेल्या, मला वाटलं थांबतील तर पार भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत गेल्या. दुखलं नाही. स्वतःच चकित. "आता काय केलासा?" ६ वेळा, दोन सेट. ५४ चे ६८. मधे एकदा नुसतं मोजलं तेव्हा ६२.

म्हणजे मुलिगन जिंकलं? मी त्या संध्याकाळी तसंच समजून घरी गेले, खोटं का बोला. पण नीट बघितलं तर चौथ्या वेळेपर्यंत दहा-अकरा दिवस गेलेले, चिडचिड उतरलेली, आधीच्या तिन्हींचं थोडं थोडं साठलेलं, आणि शिवाय त्या दिवशी मी पहिल्यांदा घरी करायला काहीतरी दिलं होतं. मानेमागं टॉवेलची कड लावायची, टॉवेलची दोन्ही टोकं दोन हातांत धरून वरच्या मणक्याला ओढ द्यायची आणि मान वळवायची, डोकेदुखीसाठी सी-१-२ वर, २००७ साली यावर ३२ लोकांचा एक छोटा चांगला अभ्यास झालाय, त्यात वाकवून वळवण्याच्या टेस्टमध्ये आणि डोकेदुखीतही फरक पडला होता. ताईंनी नवऱ्याचा टॉवेल घेतला, सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीत दोनदोनदा. मग टिकलेले ८ अंश अंगठ्याचे किती आणि टॉवेलचे किती? ते वेगळं काढता येत नाही.

पाचव्या वेळी मी खूश होऊन वाट बघत होते आणि ताई आल्या त्या परत अंग वळवत. ५२. तीन दिवस डिपिंग झालं होतं, एक बाग मागं राहिली होती म्हणून. डोकं परत सुरू. माझा पहिला विचार, आता कुठलं टेक्निक काढू? आणि दुसरा, जो पहिल्या दिवशी यायला हवा होता, की ही बाई बागेत नेमकं करते काय ते मी बघितलेलंच नाही, नुसतं "वर बघून काम" असं लिहून ठेवलंय.

क्लिनिकमध्ये खांद्याच्या व्यायामाची दोरी-पुली आहे. तिला ताईंच्या कपाळाच्या जरा वर येईल असा माझा किल्ल्यांचा जुडगा लोंबता बांधला, हातात बँडेज कापायची कात्री दिली आणि म्हटलं हा घड, करा विरळणी. त्या लगेच कामालाच लागल्या, कपाळावरचे केस मागं सारून. डाव्या हातानं जुडगा धरला, उजव्या हातात कात्री, आणि घडाच्या पलीकडच्या बाजूचे मणी दिसायला मान मागं टाकून उजवीकडं वळवली. पाय मात्र ओळीच्या दिशेनं सरळच. एक घड झाला की पाय न हलवता हात लांब करून पुढचा, परत मान मागं आणि उजवीकडं. मी घड्याळ लावलं, दोन मिनिटांत २६ वेळा. म्हणजे जो सांधा मिटताना दुखतोय तो दोन मिनिटांत २६ वेळा मिटतोय, आठ तास, आणि मी त्यावर आठवड्यातून दोनदा तीन-तीन मिनिटं अंगठे ठेवतेय.

तिथंच एक गोष्ट ताईंनीच सांगितली, मी विचारली नव्हती: वायच्या बागेत दोन दिवस गेले की त्रास नसतो. तारा वाय आकारात असल्या की घड छातीसमोर येतात. मांडवाची बाग असली की घड डोक्याच्या वर, आणि उंच बायकांना काही नाही, त्यांच्या तोंडासमोरच येतो. म्हणजे दुखण्याचं कारण ताईंना आधीपासून माहीत होतं, मी आणि हाडवैद्य दोघंही मानेतच शोधत बसलो होतो.

मग दोन गोष्टी बदलल्या. एक, पालथा क्रेट पायाखाली, बागेत क्रेट असतातच. दुसरी, घडाची पलीकडची बाजू बघायची तर पाय वळवायचा, किंवा डाव्या हातानं घड फिरवून घ्यायचा. क्रेटवर मुकादम कुरकुरला, दर चार घडांनी सरकवावा लागतो म्हणून वेळ जातो. त्यावर ताईंनी पायानंच क्रेट ढकलत न्यायची कला शोधली, ती मला क्लिनिकमध्ये स्टुलावर करून दाखवली आणि माझ्या छातीत धस्स झालं, म्हटलं मान बरी करता करता घोटा मोडायचा. पण पडल्या नाहीत.

हातानं जे करायचं ते पुढंही चालूच राहिलं. सहाव्या वेळी पाठीचा वरचा भाग बघितला, खांद्यांच्या फऱ्यांमधला, तो फळीसारखा ताठ होता, आणि तो मागं जात नाही म्हणून सगळं मागं जाणं मानेवर येतंय. इथं मी झटका दिला, पालथं झोपवून, पाठीला, मानेला नाही. मानदुखीत पाठीला झटका देणं हा मान्य असलेला उपचार आहे आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांचा धोका तिथं येत नाही. हाडं ठिसूळ नाहीत, स्टिरॉइड कधी घेतलेलं नाही, हे आधी विचारून घेतलं होतं. कडाक्क. ताईंनी पालथ्या पडूनच, तोंड टेबलाच्या भोकात असताना, जे काही समाधानानं "हां ऽऽ आत्ता कसं" म्हटलं ते ऐकून बाहेर बसलेल्या पेशंटनं आत डोकावून बघितलं. वर बघणं ३८ वरून ४६ झालं. यातलं पाठीमुळं किती आणि सहा वेळा मागून एकदाचा आवाज मिळाला या आनंदामुळं किती, देव जाणे.

सातव्या वेळेपासून चिडचिड उतरली होती म्हणून मेटलंडच ग्रेड तीन-चारवर नेलं. पहिल्या दिवशीचंच टेक्निक, तीच जागा, पण जोर वेगळा, आणि आता ते ९ देऊन ६ टिकवत होतं. हा मला या सगळ्यातला महत्त्वाचा आकडा वाटतो. मेटलंड विरुद्ध मुलिगन अशी तुलना करताना आपण विसरतो की पहिल्या आठवड्यातलं मेटलंड आणि चौथ्या आठवड्यातलं मेटलंड यांच्यातच दोन वेगळ्या टेक्निकइतका फरक पडतो.

सोबत व्यायाम. मानेच्या पुढचे आतले स्नायू, जे ९ सेकंदांत दमत होते. यासाठी दाब दाखवणारं खास यंत्र मिळतं, माझ्याकडं नाही, मी बीपीचा कफ घडी करून मानेखाली ठेवते, २० वर फुगवते आणि हळूच "हो" म्हटल्यासारखी मान हलवून काटा २२ वर न्यायचा, दहा सेकंद, मग २४. कफ थोडी हवा सोडतो, फार अचूक नाही, पण काटा हलताना बघून पेशंटला जे कळतं ते तोंडी सांगून कळत नाही. ताईंना २६ पर्यंत जमलं. डोकेदुखीवर हात आणि व्यायाम दोन्ही वापरून बघणारा २००२ सालचा २०० लोकांचा अभ्यास आहे, दोन्ही गोष्टी कामाच्या निघाल्या आणि फायदा वर्षभर राहिला, त्यामुळं मी व्यायामाशिवाय कुणाला सोडत नाही, पेशंट कितीही टाळो.

सहा आठवडे, नऊ भेटी. शेवटच्या भेटीत उजवीकडं ७२, वर बघणं ५२, वाकवून वळवणं ४१, दुखणं २, प्रश्नावली २१ वरून ८. डोकेदुखी आठवड्यातून एखादवेळ. प्रामाणिकपणे सांगायचं तर सहाव्या आठवड्यात विरळणीही संपत आली होती, आणि ताजी मानदुखी बऱ्याचदा दीड-दोन महिन्यांत आपोआपही उतरते, हे दोन्ही माझ्या बाजूनं खेळत होते. पाचव्या भेटीत जर मी पुलीला जुडगा बांधला नसता आणि नुसतंच मुलिगन करत राहिले असते, तर जानेवारीत काम संपल्यावर त्या बऱ्या झाल्याच असत्या आणि मी सगळीकडं मुलिगनचं नाव सांगत फिरले असते.

आता कुणी विचारलं तर माझा क्रम असा: चिडलेली मान असेल तर मेटलंडचे खालचे ग्रेड, झोप लागत नसेल तर सोबत गाठी, जरा शांत झाली की मुलिगन करून बघायचं कारण त्यातलं घरी नेता येतं, आणि तीन-चार जागा बदलूनही दुखलंच तर सोडून द्यायचं, हट्ट नाही. एमईटी मला स्वतःला आवडतं पण समजावण्यात वेळ जातो. मानेचा झटका शेवटी, आणि बहुतेकांना लागतच नाही. दुसऱ्या फिजिओचा क्रम वेगळा असेल, असू दे, पण दुसऱ्या भेटीला आल्या आल्या मोजत असाल तरच माझ्याशी वाद घालायला या.

मार्चमध्ये ताईंचा फोन आला. मला वाटलं होळीच्या शुभेच्छा. "मॅडम, उजवी बाजू झ्याक हाय. आता डावी धरलीया." हंगाम संपून त्या बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायला लागल्या होत्या, खाली फतकल मारून, मान छातीला लावून, दिवसभर. म्हटलं या सोमवारी, आणि बसायला तिथं काय देतात ते फोटो काढून आणा. येताना टॉवेल पण आणा.

"टॉवेल कशाला? ह्यांनी नवीन घ्येतलाय, जुना माझ्या उशालाच असतोय."